आधी बघायचं, मग भिजवायचं

“आठवडाभर म्हणजे नक्की किती?”

“आठवडाभर म्हणजे आठवडाभर. त्यात नक्की काय असायचंय?”

“ताई, तिचं पोट बघितलंस? दगड झालाय दगड! आठवड्यात होतं असं?”

“मी काय डॉक्टर आहे?”

“डॉक्टर नाहीस, पण रोज आंघोळ तर तूच घालतेस ना तिला?”

“हळू बोल. लोक बघतायत.”

“बघू देत. शाळेच्या बाई मला फोनवर सांगतात, पोरगी कपडे खराब करते म्हणून. आणि तू? दर रविवारी तुझं आपलं एकच. ढमी मजेत आहे, ढमीने चित्र काढलं, ढमीचा दात पडला.”

“पडलाच होता दात.”

“ताई!”

हॉस्पिटलच्या लांबलचक बोळात, मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर एका टोकाला बहीण, दुसऱ्या टोकाला भाऊ, आणि मधे ढमीचं दप्तर. ढमी आत पलंगावर होती. वय वर्षं सात, अंगात ताप, लघवी अडकलेली म्हणून नळी लावलेली, आणि पोट असं ताठ की चादर त्याच्यावर तंबूसारखी उभी राहिलेली.

“एक सांगून ठेवतो,” भाऊ दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला. “बरी झाली की ती माझ्याकडे येणार. आता मी एका जागी आहे. घर आहे, घरात बाई आहे.”

“बाई आहे! आणि इतकी वर्षं तिला काय मांजराने सांभाळलं?”

“तसं नाही म्हटलं मी.”

“म्हटलंस की.”

त्याने दप्तराचा पट्टा सोडला. मग पुन्हा तेच, पण या वेळी आवाज खाली आणून. “खरं सांग ताई. कधीपासून चाललंय हे?”

“आठवडाभर,” ती तिसऱ्यांदा म्हणाली. पहिल्यांदा ते खोटं अडखळत आलं होतं. तिसऱ्यांदा ते इस्त्री केल्यासारखं सरळ आलं.

इस्त्रीची उपमा तिला शोभणारीच. तिची हयात लाँड्रीत गेली होती. दार ढकलून आत गेलं की डाव्या हाताला वाफ, उजव्या हाताला खिडकी, आणि खिडकीच्या उजेडात तिचं टेबल. डागांचं टेबल. लाँड्रीतल्या झाडून सगळ्या कपड्यांमधले नाठाळ कपडे तिच्यापुढे यायचे. शाई, रक्त, तेल, गंज, औषध, रंग. टेबलावर बाटल्या, दोन ब्रश, एक मऊ आणि एक दातांचा, आणि खरवडायला एक गुळगुळीत झालेली हाडाची पट्टी. तिला कामाला लावणाऱ्या म्हाताऱ्या मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पोरी, हात मागे बांध. आधी बघायचं, मग भिजवायचं. कशाचा डाग, कुठून आला, किती जुना. रक्ताला गरम पाणी लावलंस तर ते जन्माचं बसलं म्हणून समज.” म्हातारा गेला, त्याचा मुलगा मालक झाला, पण टेबलावरचा कायदा तोच राहिला.

समोर इस्त्रीवर जे गृहस्थ उभे असायचे त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ते निकाल द्यायचे आणि निकालानंतर इस्त्री धाडकन आपटायचे.

“अगं, ही कॉलर बघ. या माणसाचं बायकोशी पटत नाही.”

“कशावरून?”

“स्वतःच धुतोय गडी. कॉलर सोडून सगळं धुतलंय. निकाल!” धाड.

“जज्जसाहेब, तुमचे कपडे कोण धुतं?”

“कोर्टाचा वेळ वाया घालवू नये.”

हसण्यात दिवस जायचा. संध्याकाळ मात्र जायची नाही. तिची खोली गॅलरीतल्या ओळीत शेवटून दुसरी. लग्न झालं होतं एकदा, पण ते इतकं थोडं टिकलं की तिने त्या माणसाचे कपडेसुद्धा धड ओळखीचे करून घेतले नव्हते. मग आईबाप गेले. भाऊ लांबच्या धरणांच्या कामांवर क्रेन चालवत गावोगाव फिरायचा. सकाळी कप जिथे ठेवून ती बाहेर पडायची, संध्याकाळी तो तिथेच सापडायचा. कान त्याच दिशेला, खिडकीकडे तोंड करून. एखाद्या घरात कप हलत नाही म्हणजे काय, ते एकट्या राहणाऱ्यालाच कळतं.

आणि मग भावाची बायको बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली. क्रेनवर तान्हं मूल नेता येत नाही. भाऊ एका हातात पिशवी आणि एका हातात पोर घेऊन दारात उभा राहिला. “थोडे दिवस, ताई,” म्हणाला. थोड्या दिवसांची वर्षं झाली. कप आता कधीच जागेवर सापडेना. कधी पलंगाखाली, कधी त्यात माती, एकदा तर त्यात जिवंत गोगलगाय. आत्या ओरडायची, आणि ओरडता ओरडता तिला इतकं बरं वाटायचं की काय सांगावं.

पोरीचं पोट पुढे आलं तेव्हा तिला ढमी हे नाव पडलं. शेजारणी येता-जाता पोटावर टिचकी मारायच्या, “काय गं ढमे, नगारा वाजवू का?” ढमी खुदकन हसायची, आत्याही हसायची. खाल्लेलं अंगी लागतंय, असं वाटायचं. ते पोट हीच पहिली खूण होती, आणि सगळ्यांनी मिळून तिचं लाडाचं नाव करून टाकलं होतं.

झालं ते असं. शाळेत घातल्यावर तिथल्या संडासाला ढमी बिचकली. दाराला कडी नाही, मुली खालून डोकावायच्या. मग ती दिवसभर दाबून ठेवायची. घरी यावं तर गॅलरीच्या टोकाला चार खोल्यांमध्ये मिळून एकच संडास, कडीच्या जागी वळवलेली तार, आणि बसलं न बसलं तोच बाहेरून थाप, “झालं का? आम्हालाही जायचंय!” एकदा खडा झालेली शी बाहेर येताना फाटलं, रक्त आलं. त्या दिवसापासून ढमीने मनाशी ठरवून टाकलं, आता करायचीच नाही. कळ आली की ती कपाटाला धरून टाचा वर करायची, पाय एकमेकांत गुंफायची, तोंड लालेलाल, अंग ताठ. आत्या चुलीपाशी उभी राहून कौतुकाने म्हणायची, “बघा बघा, नाच चाललाय बाईचा!”

नाच नव्हता तो. पण हे तिला कुणी सांगायचं?

मग चड्डीला डाग दिसायला लागले. पातळ, चिकट, दिवसातून दोनदा तीनदा. डाग म्हटला की आत्याचा हात आपोआप पुढे. लाँड्रीत जो कायदा तिने एक दिवसही मोडला नाही, तो घरी पहिल्याच दिवशी मोडला. बघितलं नाहीच, थेट भिजवलं. पातळ आहे म्हणजे पोट बिघडलंय, असं तिने गृहीत धरलं. केळ्याखेरीज फळं बंद केली, भाज्या बंद केल्या. नुसता मऊ भात आणि केळं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या, त्याही दिल्या. डाग वाढले. ती आणखी गोळ्या घेऊन आली.

पुढे शाळेच्या बाई पिशवीत गुंडाळलेले कपडे हातात ठेवू लागल्या. “एवढी मोठी मुलगी, हो. बाकीच्या नाक धरतात.” त्या दिवशी आत्याने ढमीला एक चापट मारली. “कळत नाही तुला? सांगायला काय होतं?”

“मला कळतच नाही, आत्या,” ढमी म्हणाली. “ती आपली आपण येते.”

“आपली आपण येते! पाहुणी आहे का ती?”

ढमी हसली नाही. तेव्हा आत्याला पहिल्यांदा भीती वाटली. पण ती भीती पोटाची नव्हती, ती भावाची होती. भावाने नुकतंच दुसरं लग्न केलं होतं, एका जागी नोकरी धरली होती, आणि फोनवर अधूनमधून म्हणायचा, “आता ढमीला न्यायचा विचार आहे.” त्याला नुसता सुगावा लागला की तुझ्याच्याने होत नाही म्हणेल आणि घेऊन जाईल. मग पुन्हा तो कप.

म्हणून ती धुवत राहिली. कुणाला कळणार नाही असं धुतलं. वास राहिला नाही, पिवळट छटा राहिली नाही, गॅलरीत वाळत घातलेल्या त्या पांढऱ्या चड्ड्यांकडे पाहून शेजारीण म्हणाली, “तुमच्याकडे सगळं कसं नवंकोरं दिसतं हो!” दप्तरात दोन जास्तीच्या चड्ड्या, एक रिकामी पिशवी. ढमीलाही शिकवलं, “कुणाला काही सांगायचं नाही. आपलं आपण.” आपलं आपण. पोर शहाणी, तिने तोंडाला कुलूप लावलं.

शेवटी एका दुपारी शाळेतून लाँड्रीत फोन आला. ढमी उलट्या करतेय, अंग तापलंय, सकाळपासून लघवीला गेलेली नाही. आत्या हातातला ब्रश तसाच घेऊन धावत सुटली. जज्जसाहेबांनी लाँड्रीची गाडी काढली, मागे कपड्यांच्या गाठोड्यांवर ढमीला झोपवलं, आणि सबंध रस्ताभर त्यांनी एकही निकाल दिला नाही.

तर, बोळातल्या त्या बाकावर ‘आठवडाभर’ हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारून आत्या भिंतीकडे बघत बसली होती, तेवढ्यात वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने तरुण, पण घाई नसलेल्या. हातात ढमीच्या पोटाचा एक्स-रे फोटो. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला.

“हे बघा. हे सगळं मळानं भरलंय. इथे खाली एवढा घट्ट गोळा बसलाय की त्याने मूत्राशय दाबलं, लघवी अडकली. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले, म्हणून ताप.”

“पण तिला तर जुलाब होत होते,” आत्या म्हणाली.

“जुलाब नव्हेत ते. गोळा जागचा हलत नाही, त्याच्या कडेकडेने पातळ तेवढं झिरपतं. आणि आतडं ताणून ताणून इतकं सैल पडलंय की तिला ते कळतही नाही. मुद्दाम नाही करत ती. जुलाबाचं औषध नाही ना दिलं?”

आत्याने नजर दप्तराकडे वळवली.

“बरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला एकच अडचण आहे. तुम्ही आठवडाभर म्हणता. आठवड्यात आतडं एवढं ताणत नाही. मग मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. काही मुलांच्या आतड्याच्या टोकाला जन्मापासून नसाच नसतात. त्यासाठी भूल देऊन आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. कण्याचाही फोटो काढावा लागेल. उद्या सकाळी घेऊ या का?”

“घ्या,” भाऊ म्हणाला. “जे लागेल ते करा.”

आत्याने फोटोकडे पाहिलं. खिडकीच्या उजेडात धरलेली वस्तू ती आयुष्यभर बघत आली होती. कशाचा, कुठून आला, किती जुना. इतकंच तर विचारत होत्या बाई. आणि या उत्तरासाठी उद्या पोरीला भूल देऊन चिरणार. खरं बोललं तर पोर जाते. नाही बोललं तर पोरीच्या अंगावर सुरी. इकडे आड, तिकडे विहीर, पण आडात निदान आपण एकटेच पडतो.

“आठवडा नाही,” ती म्हणाली. “शाळेत घातलं तेव्हापासून.”

भाऊ तिच्याकडे वळला. ती त्याच्याकडे न बघता डॉक्टरीणबाईंनाच सांगत राहिली. रक्त आलं ते, टाचा वर करणं ते, गोळ्या कुठल्या, किती, आणि धुणं. धुणं सांगताना मात्र तिचा आवाज बारीक झाला.

“आणि तान्ही असताना? रोज व्हायची?”

“घड्याळ लावावं तशी. जन्मली त्याच दिवशी झाली होती, तिची आई सांगायची.”

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली घेतला. “मग चित्र जुळतं, हे जन्मापासूनचं नाही. तूर्त भूल नको, तुकडा नको. औषधाने मोकळं करू, आणि मग बघत राहू. बरं झालं सांगितलंत.” आणि त्या आत गेल्या.

बरं झालं म्हणणाऱ्या त्या एकट्याच. भाऊ दप्तर उचलून खांद्याला अडकवत एवढंच म्हणाला, “धुतलंस तू. सगळं धुवून टाकलंस.”

ढमीला मोकळं करायला बरेच दिवस लागले. नाकातून घातलेली नळी, बादल्या, रडणं. आत्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळायची. तिला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. भाऊ, नवी भावजय आणि आत्या. औषधाची पूड रोज, कित्येक महिने. पोट साफ होतंय असं दिसलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही, नाहीतर गोळा परत बसणार. जेवण झालं की पायांखाली काहीतरी उंच घेऊन निवांत बसवायचं, घाई नाही, ओरडणं नाही. डाग मधूनमधून पडतील. पडले की समजायचं आत पुन्हा साचतंय, आणि मला येऊन सांगायचं.

“निवांत बसायचं,” भाऊ म्हणाला, आणि त्याला पुढे काही म्हणावं लागलं नाही. गॅलरीच्या टोकाचा तो संडास, ती तार, ती थाप आत्यालाही दिसत होती. भावाच्या घरी दाराला कडी होती. ती भांडली असती, पण कशाच्या जोरावर?

“ने,” ती म्हणाली. जज्जसाहेबांनी साबणाच्या खोक्याचं पाय टेकायचं बुटकं स्टूल करून दिलं होतं, कडा घासून गुळगुळीत केलेलं. तेही तिने गाडीत ठेवलं. ढमी काचेला नाक लावून बघत होती. “आत्या, तू कधी येणार?”

“रविवारी.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी.”

भावजयीने पुढच्या सीटवरून मागे वळून, अगदी मनापासून म्हटलं, “या हो वन्सं. तुमचंच घर आहे.” त्या एका वाक्यावर आत्याचे रविवार उभे राहिले. भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. दार उघडायची ती भावजयच.

आणि बाकीचे सहा दिवस? कप जागेवर.

रविवारी मात्र ढमी दारातच तिच्या कमरेला मिठी मारायची आणि शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात बातमी द्यायची, “आत्या, आज केवढी झाली माहितीये? एवढी! बाबा म्हणाले, शाब्बास!” पोट सपाट झालं होतं. ढमी हे नाव आता शोभत नव्हतं, तरी आत्या तेच वापरायची.

पण एका रविवारी बातमी आली नाही. ढमीने मिठी मारली खरी, पण बोलली नाही, आणि जेवताना निम्मं ताट तसंच बाजूला सारलं. तिच्या पोटाकडे आत्याची नजर गेली. फ्रॉकाचं बटण ताणलेलं होतं. दुपारी ढमी खिडकीशी उभी होती, हात चौकटीला, टाचा वर. आत्या बघतच राहिली.

भावजयीने तिला हळूच हाक मारली. “वन्सं, जरा इकडे या ना.” न्हाणीघरात नेऊन तिने दार लोटलं. कोपऱ्यात बादलीत चड्ड्या भिजत होत्या. वर फेस, खाली पाणी पिवळट.

“तुम्हालाच विचारीन म्हटलं. किती घासलं तरी छटा राहतेच बाई. तुमच्या हातचे कसे पांढरेशुभ्र व्हायचे. लावता काय तुम्ही?”

“कधीपासून?”

“अं? झाले काही दिवस. ती पूड बंद केली ना मी. किती पातळ व्हायची त्याने, शाळेत पंचाईत. आणि रोज रोज औषध देऊन सवय नाही का लागणार पोरीला? ती थांबवली तर दोन दिवस छान होती. आता हे.” भावजयीने आवाज आणखी खाली आणला. “यांना बोलू नका हं. यांना वाटतंय सगळं ठीक चाललंय. सावत्र आई म्हणून आधीच सगळ्यांचं माझ्याकडे लक्ष. नावं ठेवायला टपलेले असतात लोक. मी आपली धुवून टाकते. आपलं आपण.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. हात साबणाने फुगलेले, डोळ्यांखाली काळं. वाईट नव्हती ती. भ्यायलेली होती. हा चेहरा आत्याने कुठे पाहिला होता, ते तिला आठवायची गरज नव्हती. आणि हीच दार उघडत होती दर रविवारी.

बाहेर बैठकीत भाऊ पेपर वाचत होता. पान उलटल्याचा आवाज आला.

आत्या वाकली. बादलीशेजारी अजून न भिजवलेली एक चड्डी पडली होती, आजची. ती तिने उचलली आणि उजेडाकडे धरली.

“अहो, ती राहू दे, मी भिजवते. सांगा ना, आधी काय लावायचं? सोडा? का तुमच्याकडे असतं ते दुसरं काही?”

आत्याने दार उघडलं.

“वन्सं? ती घेऊन कुठे निघालात? वन्सं, यांच्यासमोर नको हो! तुम्हाला परत या घरात…”

चड्डी तशीच हातात धरून आत्या बैठकीकडे चालू लागली.